जर्मन रिसलिंगची बाटली गोड निघणार की कोरडी, हे लेबलवरून कसं ओळखायचं?

रिसलिंग हे जर्मनीतलं पांढऱ्या वाइनचं द्राक्ष. तुम्ही विचारलंय की दोन बाटल्या घेतल्या, दोन्हींवर ‘रिसलिंग श्पेटलेझे’ होतं, तरी एक गोड निघाली आणि दुसरी पार कोरडी, म्हणजे गोडी न जाणवणारी, असं कसं? दुकानदारानं फसवलेलं नाही. श्पेटलेझे हा शब्द वाइनच्या गोडीबद्दल काहीच सांगत नाही. द्राक्षं तोडली तेव्हा किती पिकली होती, एवढंच सांगतो.

मोझेल या जर्मनीतल्या वाइनच्या प्रदेशातले मळे 50 उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकणं हीच मोठी गोष्ट, म्हणून 1971च्या कायद्यानं वरच्या दर्जाच्या वाइनची प्रतवारी रसातल्या साखरेवर लावली. चढत्या क्रमानं काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, आणि त्याही वर बेरेनआउसलेझे, ट्रोकनबेरेनआउसलेझे. या शेवटच्या दोन मात्र नेहमी गोडच. त्यांच्या खालच्या प्रतींत रसातली किती साखर आंबवायची आणि किती ठेवायची, हे वाइन करणारा ठरवतो.

म्हणून आधी अल्कोहोलचा आकडा बघा. एक टक्का अल्कोहोल तयार व्हायला लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर लागते. श्पेटलेझेचा रस पूर्ण आंबला असता तर 11.5 टक्के झालं असतं असं धरा. लेबलवर 8 असेल तर साडेतीन टक्क्यांची, म्हणजे 60 ग्रॅमच्या आसपास साखर शिल्लक आहे. टाकी थंड करून आणि यीस्ट गाळून आंबणं मध्येच थांबवलेलं असतं. 12 किंवा वर आकडा असेल तर बहुतेक कोरडीच.

मग शब्द शोधा. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, साखर लिटरमागे फार तर 9 ग्रॅम. ‘हाल्बट्रोकन’ 18 ग्रॅमपर्यंत. ‘फाइनहेर्ब’ला कायद्यानं आकडा ठरवलेला नाही, तिथे पुन्हा अल्कोहोलच बघावं लागतं. ‘जीजी’ (GG) ही दोन अक्षरं असतील तर नामांकित मळ्याची कोरडी वाइन.

साठ ग्रॅम ऐकून दचकू नका. थंड रात्रींमुळे द्राक्षातलं आम्ल टिकून राहतं, आणि ते त्या गोडीला छान तोलतं. तिखट कोळंबीच्या कालवणाबरोबर माझ्या मते 8 टक्क्यांची काबिनेटच घ्यावी; जास्त अल्कोहोलनं तिखट आणखी झोंबतं.

एक सापळा मात्र आहे. ‘पीस्पोर्टर गोल्डट्रॉप्फखेन’ हा पीस्पोर्ट गावचा एक ठरावीक मळा आहे, तर ‘पीस्पोर्टर मिखेल्सबेर्ग’ हे अनेक गावांच्या मळ्यांचं मिळून नाव. लेबलवर दोन्ही सारखीच दिसतात, दर्जात जमीनअस्मानाचा फरक असतो. स्वस्त दिसली म्हणून दुसरी उचलू नका.

जुन्या रिसलिंगला रॉकेलसारखा वास आला तर बाटली परत करू नका, ते या द्राक्षाचंच लक्षण आहे. आणि फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. 5 अंशांवर वास मिटलेला असतो, 9-10 अंशांवर खुलतो.