तीस गुंठे, पुढून डीपी रोड आणि महिनाभरात सही

प्रश्न : ताई नमस्कार. आडगाव शिवारात आमची ३० गुंठे जमीन आहे, पुढून डीपी रोड (शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता) जातो. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आई आहे, आम्ही दोघं भाऊ आणि दोन बहिणी, दोघींची लग्नं झालीत. एजंट म्हणतो जागा कमर्शिअल झोनमध्ये आहे, सिंहस्थामुळे सध्या भाव चढलाय, नंतर असा भाव येणार नाही. त्याचा बिल्डर गुंठ्याच्या भावाने सरळ घ्यायला तयार आहे, नाहीतर ६०-४० ने डेव्हलपमेंट, म्हणजे तो बांधणार आणि बांधकामातले ४० टक्के आमचे. टोकन म्हणून ५ लाख रोख देतोय आणि महिनाभरात कुलमुखत्यारपत्रावर सही मागतोय. बहिणींना सहीपुरतं बोलवू असं आमचं ठरलंय. भाव बरोबर आहे का हे कसं कळणार, आणि विकावी की डेव्हलपमेंटला द्यावी? — एक वाचक, आडगाव

उत्तर : दादा, पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी आधी घेते, कारण सगळा व्यवहार तिथेच अडकणार आहे. बहिणींना "सहीपुरतं" बोलवता येत नाही हो. वडील मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असेल तर आई, तुम्ही दोघं आणि दोघी बहिणी असे पाच जण सारखे वारस, प्रत्येकाचा पाचवा हिस्सा. वडिलोपार्जित असेल तर हिशोब थोडा बदलतो पण मुलगा आणि मुलगी यांच्यात फरक उरत नाही, २००५ चा कायदा आहे आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की मुलीचा हक्क जन्मापासूनचा. लग्न झालं म्हणून तो जात नाही. तेव्हा आधी सगळ्यांची नावं वारस म्हणून सातबाऱ्यावर लावून घ्या, फेरफार मंजूर होऊ द्या आणि दोघींना घरी जेवायला बोलवून आकडा त्यांच्यासमोर मांडा. हक्कसोडपत्र त्यांना मनापासून द्यायचं असेल तर देतील, पण भाव माहीत नसताना घेतलेल्या सहीवरून पुढे कोर्टात वाद उभा राहतो आणि तेव्हा बिल्डरही पैसे अडवून बसतो. मी वकील म्हणून २२ वर्षं नाशिकमध्ये जमिनीचीच कामं करतेय, भावाभावांच्या भांडणापेक्षा बहिणीला न विचारल्यामुळे अडकलेल्या जागा मी जास्त बघितल्यात.

आता झोन. एजंट म्हणतो कमर्शिअल, तो म्हणतो म्हणून धरू नका. महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, फार खर्चाचं काम नाही. नाशिकचा सध्याचा विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झालाय, त्यात तुमच्या गटाचा किती भाग वाणिज्य विभागात आहे, किती रहिवासी, किती रस्त्यात जातो हे रंगाने दिसतं. पुष्कळदा पुढची पट्टीच कमर्शिअल असते आणि मागचा तुकडा रहिवासी, आणि एजंट सगळ्याला कमर्शिअल म्हणून मोकळा होतो. आणखी एक, तुमच्याकडून "एनए (अकृषिक) करून देऊ" म्हणून पैसे मागितले तर आधी विचारा की कशाला? आराखडा मंजूर झालेल्या भागात झोनप्रमाणेच वापर असेल तर वेगळी एनए परवानगी लागत नाही, सरकारी आकार भरून काम होतं. पण सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल किंवा इतर हक्कात कुळकायद्याचा शेरा असेल तर ती वेगळी गोष्ट, मग आधी नजराण्याचं, म्हणजे सरकारला भरायच्या रकमेचं, बघावं लागतं. तो शेरा आत्ताच शोधा, बिल्डरच्या वकिलानं शोधला की तो भाव पाडायला वापरतो.

मग मोजणी. सातबाऱ्यावर ३० गुंठे लिहिलंय म्हणून जागेवर ३० असतात असं नाही. म्हसरूळकडच्या एका कुटुंबाची मोजणी मी स्वतः उभं राहून करून घेतली होती, सरकारी भूकरमापक रोव्हर नावाचं मोजणी यंत्र घेऊन बांधाबांधानं फिरत होते, शेजारच्याची डाळिंबाची दोन झाडं हद्दीच्या दगडाच्या अलीकडे निघाली आणि समोरचा रस्ता रुंद झाला तेव्हाच पावणेतीन गुंठे त्यात गेले होते, मोबदला कोणी घेतलाच नव्हता. त्या घरातले आजोबा दगडापाशी बसून राहिले, म्हणाले इतकी वर्षं मी रस्त्यात गेलेल्या तुकड्याचंही कराचं बिल भरत होतो. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, शेजाऱ्यांना नोटीस जाऊ द्या, "क" प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या. रस्त्यात गेलेलं क्षेत्र वाया जात नाही, त्याचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क मिळतो, दाट वस्तीबाहेर दुप्पट. पण तो तुमच्या नावावर आला पाहिजे. करारात "टीडीआरसह सर्व हक्क" असं एक वाक्य घालून तो फुकटात नेला जातो, हे फार होतं.

आता भावाचं. गुंठ्याचा भाव हे तुमचं माप आहे, बिल्डरचं नाही. तो किती चौरस मीटर बांधता येईल ते बघतो आणि कमर्शिअल जागेत ते बरंचसं पुढच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, त्यात नाशिकसारख्या महापालिकेत दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय (जागेच्या किती पट बांधता येईल ते) १.१ आहे, पण प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा) आणि टीडीआर धरून १२ ते १५ मीटरच्या रस्त्यावर एकूण २.२५ पर्यंत जातो आणि २४ ते ३० मीटरच्या रस्त्यावर २.७५ पर्यंत. तुमचे ३० गुंठे म्हणजे ढोबळ ३,००० चौरस मीटर. १२ मीटरच्या रस्त्यावर ६,७५० आणि २४ मीटरच्या रस्त्यावर ८,२५०. त्यावर अनिवासी बांधकामाला अॅन्सिलरी (पूरक) एफएसआय म्हणून आणखी ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १२,१५० विरुद्ध १४,८५०. जागा तीच, गुंठे तेवढेच, आणि २,७०० चौरस मीटरचा फरक नुसत्या रस्त्यानं. हे कागदावरचे कमाल आकडे आहेत, सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग, रस्त्यात जाणारा भाग आणि प्रीमियमचा खर्च यामुळे प्रत्यक्षात कमी होतं, पण बिल्डर बोलायला बसतो तेव्हा हे त्याच्या डोक्यात असतं आणि तुमच्या डोक्यात शेजारच्यानं गुंठा कितीला दिला एवढंच असतं. तो उलटा हिशोब करतो, दुकानं ऑफिसं विकून किती येतील त्यातून बांधकाम, प्रीमियम, टीडीआर, व्याज आणि स्वतःचा नफा वजा, उरेल ते जमिनीचं. तुमच्या ओळखीतल्या आर्किटेक्टला फी देऊन हाच हिशोब तुमच्या बाजूनं एका पानावर करून घ्या, आराखड्यातला रस्ता किती मीटरचा आणि जागेवर प्रत्यक्ष किती हे दोन्ही त्याला सांगा. सिंहस्थ २०२७ चा आहे, रस्त्यांची कामं चाललीत हे खरं, पण रुंद झालेला रस्ता मेळा संपला की परत अरुंद होत नाही, तेव्हा "नंतर भाव येणार नाही" या बोलण्यानं घाई करू नका.

विकावी की डेव्हलपमेंटला द्यावी? घरात पाच वारस, त्यात आई वयस्कर, आणि तुमच्यापैकी कोणी बांधकामाच्या मागे पाच-सात वर्षं लागू शकणार नसेल तर मी सरळ विक्री सांगेन, एकरकमी, सगळ्यांच्या खात्यात आपापला हिस्सा. ६०-४० ऐकायला छान वाटतं. पण ४० टक्के कशाचे हे विचारलंत का, कार्पेटचे (भिंतींच्या आतल्या जागेचे) की बिल्टअपचे (भिंतींसकट), तळमजल्याच्या रस्त्याकडच्या दुकानांत तुमचे ४० आहेत का सगळे तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला? आणि हे बहुतेक कोणी सांगत नाही, बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ज्या जमीनमालकाला बांधकामात हिस्सा मिळतो तोही बिल्डरसारखाच प्रमोटर धरला जातो, म्हणजे गाळा घेणाऱ्याला ताबा वेळेत मिळाला नाही तर तक्रारीत तुमचंही नाव येऊ शकतं. तरीही द्यायचीच असेल तर काम कुठल्या तारखेला सुरू आणि कुठल्या तारखेला पूर्ण, न झालं तर करार रद्द करून जागा परत, तुमच्या हिश्श्यावर बिल्डरनं कर्ज काढायचं नाही, हे तिन्ही लेखी हवं.

आणि कुलमुखत्यारपत्र. माझ्या मामानं पंचवटीकडची जागा अशीच दिली होती, थोडा बयाणा घेतला आणि सगळे अधिकार असलेलं मुखत्यारपत्र सही केलं. त्या बिल्डरनं पत्र्याचं कंपाउंड मारलं आणि अकरा वर्षं तिथे काही केलं नाही. मामा दर रविवारी सायकल काढून जायचा आणि पत्र्याच्या फटीतून आत बघायचा, आत त्याची विहीर होती, तिच्यावर पिंपळ उगवला होता. मी तेव्हा कॉलेजात होते, पुढे वकिली धरली त्याला ती फट कारण आहे. म्हणून सांगते, पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय विक्रीचे अधिकार देणारं मुखत्यारपत्र नाही. प्लॅन मंजुरीसाठी लागत असेल तर तेवढ्याच कामाचं, मुदतीचं द्या. आधी रजिस्टर साठेखत (विक्रीचा करार), त्यात हप्ते तारखांसकट, ताबा तुमच्याकडे, आणि शेवटचा हप्ता खात्यात आला की दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत.

ते ५ लाख रोख तर घेऊच नका. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख आगाऊ घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच, तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

प्रश्न : मॅडम, आमच्या २० गुंठ्यांपैकी ८ गुंठ्यांवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे, बाकी कमर्शिअल. खरेदीदार म्हणतो आरक्षणाचा भाग शून्य धरू. बरोबर आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात शून्य नाही. ते ८ गुंठे महापालिकेला देऊन टीडीआर घेता येतो, तो बाजारात विकला जातो किंवा उरलेल्या १२ गुंठ्यांवर वापरता येतो, म्हणजे खरेदीदाराला त्याचा उपयोग आहेच, नसता तर त्यानं फक्त १२ गुंठेच मागितले असते. दुसरं, तुमचा आराखडा कधी अंमलात आला ती तारीख काढा. १० वर्षांत संपादन झालं नसेल तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना (जागा ताब्यात घ्या अशी नोटीस) देता येते आणि त्यानंतर २४ महिन्यांत काही पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. ही सूचना मालकानंच द्यायची असते, सगळ्या मालकांच्या सह्यांनी, मालकीचे कागद जोडून, अर्धवट दिली तर फेटाळतात. १० वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील तर मी तुमच्या जागी थांबेन.

प्रश्न : वडिलांनी १९७८ साली घेतलेली शेतजमीन आता शहराच्या हद्दीत कमर्शिअल झोनमध्ये आलीय, २ कोटींना जातेय. शेतजमिनीला टॅक्स नाही ना? — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : शेतजमीन म्हणून सूट खेड्यातल्या जमिनीला आहे. महापालिका हद्दीत असली की नाही, आणि १० लाखांवर वस्तीचं शहर असेल तर हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंतही नाही, सातबाऱ्यावर सोयाबीन लावलेलं असलं तरी. तुम्हाला भांडवली नफ्याचा कर बसणार. खरेदीची किंमत म्हणून १९७८ चा आकडा धरायचा नाही, १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, फक्त तो त्या दिवशीच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त नको, म्हणून सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट करून घ्या.

मग दोन रस्ते आहेत. समजा २००१ ची किंमत १० लाख निघाली. इंडेक्स (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवणारा आकडा) न लावता नफा १ कोटी ९० लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे २३ लाख ७५ हजार. इंडेक्स लावला तर २०२५-२६ चा आकडा ३७६ धरून किंमत ३७ लाख ६० हजार, नफा १ कोटी ६२ लाख ४० हजार, त्यावर २० टक्के म्हणजे ३२ लाख ४८ हजार. सरचार्ज आणि सेस दोन्हीकडे वेगळा. या उदाहरणात पहिलाच बरा, पण २००१ चा भाव मोठा निघाला तर उलट होऊ शकतं, आकडे मांडल्याशिवाय ठरवू नका.

वाचवायचं असेल तर ६ महिन्यांच्या आत ठराविक सरकारी कंपन्यांचे बाँड, ५० लाखांपर्यंत, ५ वर्षं अडकतात. किंवा घर घेणं, त्याच्या अटी सीएकडून समजून घ्या, आधीच दोन घरं नावावर असतील तर तो मार्ग बंद. जमीन विक्रीआधीची दोन वर्षं तुम्ही किंवा वडील तिथे खरंच शेती करत असाल तर दुसरी शेतजमीन घेऊनही सूट आहे, त्यासाठी पीकपाहणीची नोंद, खतांच्या पावत्या सांभाळून ठेवा. आणि खरेदीदारानं "कागदावर कमी दाखवू" म्हटलं तर नाही म्हणा, कारण सरकारी मूल्यांकनापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी लिहिलं तर कर त्या मूल्यांकनावरच बसतो, मग पैसे कमी आणि टॅक्स पूर्ण. त्यानं कापलेला १ टक्का टीडीएस तुमच्या पॅनवर दिसतोय का ते खरेदीखतानंतर महिना-दीड महिन्यानं तपासा, रिटर्न भरताना तो वळता होतो.