परदेशी जायचंय, पण नेमकं कशासाठी?

प्रश्न: माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला अमेरिकेत एरोस्पेसमध्ये एमएस करायचं आहे आणि पुढे तिथेच राहायचं आहे. कर्ज काढावं लागेल, त्याला माझी तयारी आहे. पण ‘का जायचंय?’ असं विचारलं की दर वेळी नवं उत्तर मिळतं. कधी म्हणते पगार, कधी संशोधन, तर कधी ‘इथे मोकळीक नाही’. तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणी निघाल्या आहेत. माणसं आपला देश सोडून नेमकी का जातात? आणि हिचं कारण खरं आहे की नुसती देखादेखी चालली आहे, हे कसं ओळखायचं? – एक पालक

उत्तर: दर वेळी वेगळं उत्तर येतं म्हणून मुलगी काही लपवते आहे किंवा तिचं काहीच ठरलेलं नाही, असं समजू नका. एकाच कारणासाठी देश सोडणारी माणसं थोडीच. एव्हरेट ली या अभ्यासकाने १९६६ मध्ये स्थलांतराची मांडणी करताना चार गोष्टी सांगितल्या: माणूस जिथून निघतो तिथली परिस्थिती, जिथे जातो तिथली परिस्थिती, मधले अडथळे आणि त्या माणसाचं स्वतःचं वय, स्वभाव, जबाबदाऱ्या. घरातल्या चर्चा बहुतेक पहिल्या दोन गोष्टींवरच होतात. इथलं कसं वाईट आणि तिथलं कसं चांगलं. बेत फसतात ते मात्र तिसऱ्या गोष्टीवर, म्हणजे व्हिसा, परवाना, भाषा आणि पैसा यांवर. ‘सगळेच चाललेत’ हेही तितकंसं खरं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे ३० कोटी ४० लाख होते, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के.

त्यामुळे कारण खरं की खोटं, या वादात पडू नका. तिच्या कारणांत पहिला नंबर कोणाचा, एवढं आधी ठरवा. देश, अभ्यासक्रम, कर्जाची रक्कम हे सगळं त्या पहिल्या कारणावरून ठरतं. पगारासाठी जाणाऱ्याचा देश आणि कायम राहायला जाणाऱ्याचा देश बरेचदा एक नसतो.

क्रम काढायचा एक उपाय आहे. ‘का?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला सगळे पाठ केलेलं उत्तर देतात. त्याऐवजी एकेक कारण काढून घ्या आणि इच्छा उरते का ते पाहा. हाच पगार इथे मिळाला तरी जाशील? पदवी मिळाली, पण दोन वर्षांनी परत यावं लागलं, तरी जाशील? हव्या त्या विषयात प्रवेश मिळाला, पण वर्गातली एकही मैत्रीण त्या देशात नसली तर? दुसऱ्या शहरात नोकरी धरून एकटीने राहायला आम्ही आजच हो म्हटलं तर? हे प्रश्न एका बैठकीत विचारू नका, त्याची उलटतपासणी होते. आठवड्याला एक पुरे. आणि तिने तोंडी उत्तर देण्याऐवजी कागदावर लिहावं. ज्या प्रश्नावर ‘तरीही जाईन’ असं न अडखळता येतं, त्यात काढून घेतलेलं कारण तिचं मुख्य कारण नाही. जिथे पेन थांबतं, तिथलं मुख्य.

आता तिची कारणं एकेक करून बघू.

विषयापासून सुरुवात करतो, कारण तिच्या बेतातली सगळ्यात मोठी फट इथेच आहे आणि ती तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. अमेरिकेत रॉकेट, लष्करी विमानं, उपग्रह यांच्याशी संबंधित बरंचसं तंत्रज्ञान ‘आयटार’ या निर्यात-नियंत्रण नियमांखाली येतं. अशी तांत्रिक माहिती परदेशी व्यक्तीला नुसती दाखवली तरी कायद्याने ती निर्यात ठरते, आणि त्यासाठी कंपनीला सरकारी परवानगी लागते. ज्यांच्यासाठी ही परवानगी लागत नाही ते नियमाच्या भाषेत ‘यूएस पर्सन’, म्हणजे नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासित किंवा आश्रय मिळालेले लोक. विद्यार्थी व्हिसावरची किंवा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरची व्यक्ती त्यात बसत नाही. परवानगीच्या खटपटीत पडण्यापेक्षा अनेक कंपन्या नोकरीच्या जाहिरातीतच ‘यूएस पर्सन’ असण्याची अट घालून मोकळ्या होतात. म्हणजे एरोस्पेसची उत्तम पदवी हातात आहे आणि ज्या कंपन्यांची नावं घेऊन मुलगी निघाली त्यांच्या दारात अर्जही घेतला जात नाही, असं होऊ शकतं. प्रवेश देताना विद्यापीठ हे सांगत बसत नाही. सांगायचं त्याच्यावर बंधनही नाही.

यावर उपाय आहेत. तिला एरोस्पेसमधलं नेमकं काय आवडतं ते विचारा. प्रवाहाचं गणित, उष्णता, ज्वलन, कंपनं, हलके पदार्थ? यातलं बहुतेक ज्ञान जमिनीवरच्या गॅस टर्बाइनला, पवनचक्कीला, वाहनाला आणि बॅटरी थंड ठेवण्याच्या यंत्रणेलाही लागतं. मेकॅनिकलमध्येच एमएस करून थर्मल किंवा फ्लुइड्स हा गट घेतला तर नोकरीची दारं कितीतरी जास्त. आणि रॉकेटच हवं असेल तर परदेशापेक्षा स्वतःच्या देशात ते काम मिळणं सोपं, कारण हे क्षेत्र बहुतेक देश आपल्याच नागरिकांसाठी राखून ठेवतात. युरोपीय अंतराळ संस्थाही मुख्यतः सदस्य देशांचे नागरिकच घेते. ‘संशोधन’ हे पहिलं कारण निघालं, तर तिने हे तपासल्याशिवाय एकही अर्ज भरू नये. तपासायची रीत साधी आहे: आवडत्या दहा कंपन्यांच्या संकेतस्थळांवरच्या नोकऱ्यांच्या जाहिराती उघडायच्या, आणि पात्रतेच्या परिच्छेदातली शेवटची ओळ वाचायची. नागरिकत्वाची अट बहुधा तिथे असते.

दुसरं, कायम राहणं. हे पहिलं कारण असेल तर हिशेब शेवटापासून सुरू करावा लागतो. आधी कायम निवासाचा नियम, मग नोकरीचा व्हिसा, मग पदवीनंतर मिळणारी मुदत आणि सगळ्यात शेवटी विद्यापीठ. बहुतेक घरांत हे नेमकं उलट्या क्रमाने होतं: विद्यापीठाची क्रमवारी आधी, बाकी ‘पुढचं पुढे’.

अमेरिकेचा रस्ता असा. एफ-१ हा शिक्षणाचा व्हिसा आहे, स्थायिक होण्याचा नाही. अर्जदाराला शिक्षण संपल्यावर परतायचं आहे हे अधिकाऱ्याला पटावं लागतं. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मान्य यादीतली पदवी असेल तर आणखी २४ महिने. पहिल्या १२ महिन्यांत मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. वाढीव मुदतीत त्यात ६० दिवसांची भर पडते, पण मोजणी एकूणच होते. या तीन वर्षांत कंपनीने मार्चमध्ये एच-१बीसाठी नोंदणी करायची. जागा वर्षाला ६५,०००, शिवाय अमेरिकी मास्टर्स आणि त्यावरच्या पदवीधरांसाठी २०,०००. अर्ज त्यापेक्षा जास्त येतात, म्हणून सोडत काढून निवड होते आणि गुणवत्ता असूनही नाव न निघणं हे नेहमीचं आहे. निघालं तरी एच-१बीची एरवीची कमाल मुदत सहा वर्षं, आणि नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. त्यापुढे ग्रीन कार्ड: नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण ७ टक्केच. इथे पासपोर्ट नाही, जन्मस्थान मोजतात. ज्या देशांतून अर्ज जास्त, तिथे जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत ही रांग किती आहे, ते अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दरमहा निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये दिसतं. ते पान तिने तुमच्याशेजारी बसून उघडावं.

तुलनेला जर्मनी घ्या. तिथल्या पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पात्र पगाराची नोकरी लागली की ईयू ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा काम आणि निवासाचा परवाना, आणि त्यावर २७ महिन्यांनी कायम निवास. जर्मन भाषा बी-१ पातळीची, म्हणजे रोजचं बोलणं निभावेल इतकी, असेल तर २१ महिन्यांनीच. यात लॉटरी नाही, जन्मदेशाची रांग नाही. अडचण भाषेची. इंग्रजीतून मास्टर्स होतं, पण मेकॅनिकलच्या नोकरीत कारखान्यातल्या माणसांशी बोलावं लागतं आणि तिथे इंग्रजीवर भागत नाही. जी मुलं ‘तिथे गेल्यावर शिकू’ म्हणतात ती सहसा प्रबंधाच्या सेमिस्टरमध्ये घाईघाईने वर्ग लावतात आणि १८ महिन्यांतले निम्मे त्यातच घालवतात. बी-१ निघण्याआधी व्हायला हवं. आणि ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे ऐकीव वाक्य तपासून घ्या. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४च्या हिवाळी सत्रापासून त्याहून जास्त आकारणी सुरू केली आहे. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. कॅनडाबद्दल एकच सांगतो: एक्स्प्रेस एंट्री या कायम निवासासाठीच्या गुणांच्या पद्धतीत वयाचे गुण २० ते २९ या वयात सर्वाधिक असतात, तिशीनंतर दर वर्षी घटतात आणि ४५ला शून्य होतात. नोकरी करून मग जाऊ, असा बेत असेल तर हे लक्षात ठेवायला हवं.

हे सगळे नियम बदलते आहेत. अर्ज भरण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहायचे, एजंटच्या तोंडून ऐकायचे नाहीत. बऱ्याच एजंटना विद्यापीठांकडून दलाली मिळते. ‘तुम्हाला कोणकोणती विद्यापीठं पैसे देतात?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा आणि चेहरा बघा.

तिसरं, पगार. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे परदेशातल्या पगाराला विनिमय दराने गुणणं. गुणाकार करायचाच तर शिलकीचा करा. जर्मनीत एकट्या माणसाचा वार्षिक पगार ५०,००० युरो असेल, तर कर आणि सामाजिक विम्याचे हप्ते जाऊन हातात साधारण ३२,००० येतात. मग भाडं. घराच्या जाहिरातीत दोन आकडे असतात, ‘काल्टमीटं’ आणि ‘वार्ममीटं’. पहिल्यात फक्त जागेचं भाडं, दुसऱ्यात हीटिंग आणि इमारतीचा इतर खर्चही. नवखी मुलं पहिला आकडा धरून बजेट मांडतात. वीज आणि इंटरनेट तर दुसऱ्यातही बहुधा नसतं. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटंपर्यंत मागता येते, म्हणजे पहिला पगार होण्याआधीच मोठी रक्कम अडकते. सगळं वजा करून महिन्याला जे उरेल, त्यातून कर्जाचा हप्ता निघाला पाहिजे. तिला ज्या दोन शहरांत जायचं आहे तिथल्या प्रत्येकी पाच जाहिराती घेऊन हा हिशेब मांडायला सांगा. तासाभराचं काम आहे.

पगाराबाबत आणखी एक प्रश्न कर्जाचा: परत यावं लागलं तर हप्ता स्वदेशातल्या पगारातून फिटेल का? फिटत नसेल, तर कर्ज कमी करा किंवा देश बदला. परतीचा रस्ता कर्जाने बंद झालेली मुलं मिळेल ती नोकरी धरून बसतात. मग विषयही जातो आणि पगारही जेमतेम.

मोकळीक हे कारण मी हलकं मानत नाही, तुम्हीही मानू नका. एकटीने राहणं, रात्री निर्धास्त फिरणं, कोणाशी लग्न करायचं किंवा करायचं की नाही ते स्वतः ठरवणं, यासाठी लोक पूर्वीपासून घर आणि देश सोडत आले आहेत. मात्र ती देश सोडू पाहते आहे की घर, हा वेगळा प्रश्न आहे, आणि ‘दुसऱ्या शहरात नोकरी’ या प्रश्नाचं उत्तर त्यासाठीच हवं. दुसऱ्या शहरात राहायला ती लगेच तयार झाली तर बोलणं तुमच्या घरात व्हायला हवं, व्हिसाच्या खिडकीवर नाही. शिवाय ज्या व्हिसावर नोकरी गेल्यावर ६० दिवसांत बॅग भरावी लागते, तिथे बॉसला नाही म्हणण्याची मोकळीकही कमीच असते.

राहिली देखादेखी. ओळखीची माणसं आधी गेलेली असली की मागच्यांचं जाणं स्वस्त आणि सोपं होतं. राहायला जागा, कागदपत्रांची माहिती, पहिली नोकरी त्यांच्याकडूनच मिळते. मैत्रिणी आहेत म्हणून एखादं शहर निवडलं तर त्यात गैर काही नाही. मैत्रिणी आहेत म्हणून अभ्यासक्रम निवडला तर मात्र थांबवा.

महिनाभरात तिने तीन कागद तयार करावेत: प्रश्नांची लेखी उत्तरं, दहा कंपन्यांच्या जाहिरातींतल्या अटी आणि दोन शहरांचा शिलकीचा हिशेब. अमेरिकेतल्या ऑगस्टच्या प्रवेशासाठी बहुतेक अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीत जातात. जर्मनीत हिवाळी सत्राची नेहमीची तारीख १५ जुलै, पण मास्टर्सला अनेक ठिकाणी ती त्याआधीच असते. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे ती परीक्षा आत्ता दिली तरी वाया जाणार नाही. जर्मनचा वर्गही देश ठरण्याआधी लावायला हरकत नाही. कर्जाच्या कागदांवर मात्र तिन्ही कागद समोर येईपर्यंत सही करू नका. पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं, आणि सोबत ते तीन कागद जोडावेत.