इलेक्ट्रॉनिक ड्रम किटचा स्नेअर पॅड जोरात मारला तरच वाजतो. घरी दुरुस्त करता येईल का?

येईल, आणि बहुतेक वेळा नवा पॅड घ्यावाही लागत नाही. तुम्ही लिहिलंय की हलके फटके अजिबात उमटत नाहीत, जोराचेही कधी उमटतात कधी नाही, आणि मॉड्यूलमध्ये (पॅड ज्याला जोडलेत त्या आवाज काढणाऱ्या डब्यात) सेन्सिटिव्हिटी वाढवूनही उपयोग झाला नाही. ती सेन्सिटिव्हिटी आधी मूळ आकड्यावर आणा. ती वाढवून ठेवली की खरा बिघाड झाकला जातो, वर शेजारच्या टॉमवर (किटमधल्या दुसऱ्या ड्रमवर) मारलं तरी स्नेअर वाजायला लागतो.

लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. स्नेअरची केबल काढून टॉमच्या पॅडला लावा आणि वाजवा. टॉमच्या पॅडवरून स्नेअरचा आवाज हलक्या फटक्यालाही नीट आला, तर केबल आणि मॉड्यूल दोन्ही ठीक आहेत, दोष पॅडमध्येच आहे. नाही आला, तर दुसरी केबल लावून बघा. केबलची पिन पॅडच्या जॅकमध्ये हलकेच फिरवून पाहा. खरखर झाली किंवा आवाज ये-जा करू लागला, तर जॅकचे संपर्क मळलेत किंवा सैल झालेत. पिनेला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती चार-पाच वेळा आतबाहेर केली की मळ बराच निघतो.

दोष पॅडमध्येच निघाला तर केबल काढून ठेवा आणि पॅड उघडा. रबरी पॅड असेल तर खालचे स्क्रू काढायचे. जाळीचा असेल तर कडेचे बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे सैल करायचे. आतल्या वायरींचा फोटो आधी काढा.

आत एक पितळी चकती दिसेल, तिच्यावर पांढरट सिरॅमिकचा गोल. हाच पिएझो सेन्सर. फटक्याने तो किंचित वाकतो आणि त्यातून विजेचा छोटा झटका निघतो. फटका किती जोराचा ते मॉड्यूल त्यावरूनच ठरवतं. लाल वायर सिरॅमिकवर आणि काळी पितळेवर जोडलेली असते. प्रत्येक फटक्याचा हादरा या बारीक सोल्डरला बसतो, म्हणून वायर बहुधा तिथेच तुटते. वरून जोड धड दिसतो, टूथपिकने हळूच ढकललं की हलतो. सिरॅमिकला केसाएवढी चीर गेली असेल, तरी सिग्नल दुबळा होतो. जाळीच्या पॅडमध्ये सेन्सरवरचा फोमचा शंकूही बघा. तो जाळीला टेकून तिला किंचित वर उचलणारा हवा. दबून चपटा झाला असेल तर नेमके हलकेच फटके हरवतात, आणि मग नुसता शंकू बदलून काम भागतं.

मल्टीमीटर असेल तर एसी व्होल्टवर ठेवून चकतीच्या दोन्ही वायरींना लावा आणि पॅडवर टकटक करा, आकडे उडायला हवेत. ओहमवर (रोध मोजायच्या सेटिंगवर) मोजून निष्कर्ष काढू नका. चांगला पिएझोसुद्धा तिथे उघडं सर्किट दाखवतो, आणि त्यामुळे कितीतरी धडधाकट सेन्सर फेकले जातात.

नुसता जोड सुटला असेल तर बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने एक-दोन सेकंदांत काम उरका. जास्त वेळ टेकवलं तर सिरॅमिकवरचा चांदीचा थर निघतो आणि उष्णतेने सेन्सरची ताकदही जाते. सिरॅमिक तडकलं असेल तर त्याच व्यासाची (बहुधा 27 किंवा 35 मिलिमीटर) चकती घ्या, पण वायर आधीच जोडलेली. मग सोल्डर चकतीपासून लांब, वायरीला वायर जोडून करता येतं. लालला लालच जोडा. उलटं झालं तर काही मॉड्यूल फटका कमी जोराचा वाचतात. चकती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोम टेपवर बसवा. सुपरग्लूने ती घट्ट आवळली जाते, मोकळी वाकत नाही, आणि पुढे काढायची झाली तर तुटते. वायरीला थोडी ढील ठेवून ती पॅडच्या तळाला ग्लू गनच्या थेंबाने धरून ठेवा, म्हणजे पुढचे हादरे जोडावर येणार नाहीत.

कडेचा वेगळा आवाज असलेला पॅड असेल तर केबल स्टिरिओच हवी, मोनो केबलवर कड वाजत नाही.

पॅड परत बसवून झाल्यावर मॉड्यूलमधला थ्रेशोल्ड (ज्याहून हलका फटका मॉड्यूल मोजत नाही ती मर्यादा) सगळ्यात खाली आणा आणि पॅड आपोआप वाजणं थांबेल इतकाच वाढवा. मग अगदी हलक्या घोस्ट नोट्स वाजवून बघा. माझ्या मते स्नेअरची खरी परीक्षा तिथेच होते, जोराच्या फटक्यावर नाही. एका फटक्याला दोन आवाज आले तर आधी टेप आणि शंकू नीट चिकटलेत का ते बघा, मगच मास्क टाइम (एका फटक्यानंतर मॉड्यूल पुढचा फटका मोजत नाही तो क्षणभराचा वेळ) वाढवा, तोही थोडाच, कारण तो जास्त झाला की रोलमधले जलद फटके गळायला लागतात.