मॅडम, लक्षच लागत नाही, मला एडीएचडी आहे का?

हल्ली आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतोच (एडीएचडी म्हणजे लहानपणापासूनच लक्ष टिकवणं, शांत बसणं जड जाण्याचा त्रास), म्हणून ही एक केस सांगते (त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय). मुलगा 24 वर्षांचा, पुण्यात एमपीएससी करतोय, रोज 12 तास अभ्यासिकेत. बसल्यापासून उजवा पाय हलत होता. पुस्तक सोबतच आणलेलं, राज्यघटनेच्या कलम 32 ची एकच ओळ तीन रंगांच्या हायलायटरने रंगवलेली, आणि मी म्हटलं बघू नकोस, नुसतं सांग काय लिहिलंय, तर सांगता येईना, डोळ्यात पाणीच आलं त्याच्या.

शाळेचं विचारलं. शाळेत, कॉलेजात सगळं नीट, हे सुरू झालं दुसऱ्यांदा प्रिलिम गेल्यावर. एडीएचडीची लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आतच दिसायला लागलेली असतात, त्यामुळे मला तसं वाटलं नाही, तरी निदान सायकिअॅट्रिस्टच करतात म्हणून एकदा दाखवून ये म्हटलं, तिथेही तेच सांगितलं.

मग कागदावर मेंदू काढून दाखवला. खाली देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका असतो. अख्ख्या मेंदूत साधारण 8600 कोटी न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, त्यातले इथे फक्त वीस ते पन्नास हजार, पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर जातात आणि नॉरअॅड्रेनालिन नावाचं रसायन सोडतात. ते बेताचं असलं की माणूस जागा, तल्लख, आणि कामाची गोष्ट समोर आली की या पेशी नेमक्या तेव्हाच जोरात पेटतात. पण भीती आत बसली की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोका हेरणारा भाग, त्यांना सारखी ढोसत राहते, मग त्या सतत चालूच, आणि कामाचा सिग्नल त्या गोंगाटात बुडतो, वर कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग, जो लक्ष धरून ठेवतो, तोही जास्त नॉरअॅड्रेनालिनने ढिला पडतो. म्हणजे तू कमी जागा नाहीयेस रे, जास्त जागा आहेस, म्हणून पंख्याचा आवाज, शेजारच्याचं पान उलटणं, सगळं ऐकू येतंय आणि ओळ तेवढी निसटतेय.

हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला, मग हळूच म्हणाला, म्हणजे मी ढ नाहीये?

दिवसाला सात चहा, शेवटचा रात्री दहाला, झोप चार तास. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि या पेशी खऱ्या शांत होतात त्या झोपेतच, स्वप्नांच्या झोपेत तर जवळपास बंद. त्यामुळे अभ्यासाच्या टाइमटेबलला मी हातच लावला नाही, आधी झोप. दुपारी दोननंतर चहा बंद, आणि वाचायला बसण्याआधी पाच मिनिटं सावकाश, लांब श्वास सोडायचा, सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात ते बोटाने मनगटावर मोजायला लावलं, त्याशिवाय त्याचा विश्वास बसला नसता. आणि 25 मिनिटं वाचलं की पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं, हायलायटर घरी.

चौथ्या आठवड्यात आला तेव्हा पाय अजून थोडा हलत होता, पण पुस्तक मिटलेलं ठेवून कलम 32 त्याने मला समजावून सांगितलं, रिटचे, म्हणजे हक्क राखण्यासाठी कोर्ट काढतं त्या आदेशांचे, पाचही प्रकार धरून. झोप साडेसहा तासांवर आलीय, सातवर न्यायचीय, प्रिलिमला अजून दोन महिने आहेत.