लेक म्हणते द्राक्षाचा फूटप्रिंट मोजायचाय, यात नोकरी आहे का?

नमस्कार भाऊ, पत्र मिळालं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: दिंडोरी तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग, मुलगी बीएस्सी अॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला, यंदा एक्स्पोर्टरने खत, पाणी, डिझेलची माहिती मागणारा फॉर्म पाठवला, तो तिने एकटीने भरला आणि आता म्हणते मला हेच, म्हणजे माल पिकवण्यापासून पोचवण्यापर्यंत पर्यावरणावर किती भार पडतो (फूटप्रिंट) ते मोजणं, शिकायचंय. तुम्ही विचारताय याला भविष्य आहे का, की एमपीएससीच्या क्लासला घालू.

भविष्य आहे. पण काम काय आहे ते आधी समजून घ्या, कारण लोकांना वाटतं सॉफ्टवेअर शिकलं की झालं. खरं काम आहे काय मोजायचं आणि काय नाही ते ठरवणं. एकाने शेताच्या बांधापर्यंत मोजलं, दुसऱ्याने रॉटरडॅमच्या बंदरापर्यंत, आणि दोघंही म्हणाले 'एक किलो द्राक्षाचा फूटप्रिंट', तर तुलना कशी करणार? म्हणूनच नेदरलँड्समध्ये वागेनिंगेन विद्यापीठाच्या लोकांनी तिथल्या फळं-भाजी-फुलांच्या धंद्यासोबत बसून २०२० मध्ये हॉर्टीफूटप्रिंट नावाचे नियम काढले. ते युरोपियन युनियनच्या पीईएफ (मालाचा पर्यावरणीय फूटप्रिंट काढायच्या) पद्धतीवर उभे आहेत, ज्यात कार्बन, पाणी, जमीन धरून १६ प्रकारचे परिणाम मोजतात आणि शेतीचा डेटा निदान तीन वर्षांचा मागतात, एका चांगल्या सालावर भागत नाही.

आता तुमच्या बागेचं बघा. फक्त ऑक्टोबरच्या गोडी (फळाच्या) छाटणीपासून हिशोब धरला तर एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचं खतपाणी, फवारण्या सगळं गायब, आकडा छान दिसतो पण खोटा. वेल फळाला येईपर्यंतचा काळ, मांडवाचं लोखंड, तारा, हे बागेच्या सगळ्या वर्षांवर वाटावं लागतं. एक्स्पोर्टला न गेलेला माल बेदाण्याला गेला तर फूटप्रिंटचा बोजा दोन्ही मालांत वजनाने वाटायचा की भावाने? उत्तर बदललं की आकडा बदलतो. हे प्रश्न ऑफिसात बसलेल्या पोराला सुचतच नाहीत हो, तुमच्या लेकीला सुचतील, आणि मला तिची बाजू घ्यावीशी वाटते ती यामुळेच.

अडचणीचंही सांगतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं एक्सेल भरण्यात आणि शेतकऱ्यांना फोन करण्यात जातात, नोकऱ्या जास्त करून पुणे-मुंबई-बेंगळुरूच्या कन्सल्टन्सीत किंवा मोठ्या एक्स्पोर्टरकडे, आणि युरोपचे नियम बदलत राहतात त्यामुळे शिकणं संपत नाही. महागडा सर्टिफिकेट कोर्स मात्र आत्ता अजिबात नको. फूटप्रिंट काढायचं ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सोबत आयएसओ १४०४० आणि १४०४४ (या हिशोबाची आंतरराष्ट्रीय मानकं) काय सांगतात ते वाचू दे, स्टॅटिस्टिक्स पक्कं करू दे, मग एमएस्सी पर्यावरण किंवा मृदाशास्त्रात. एमपीएससी द्यायची असेल तर त्यानंतरही देता येईल, वय आहे तिच्याकडे.

आणि या ऑक्टोबरच्या छाटणीपासून तिला एक वही द्या, एप्रिलच्या खरड छाटणीपासूनचं जे आठवेल ते आधी त्यात लिहू दे. पंपाचं बिल एचपीवर येत असेल तर युनिट कळत नाहीत, म्हणून तास लिहायचे: ५ एचपीचा पंप तासाला निदान पावणेचार युनिट खातो आणि आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. युरियाची गोणी फुटली की तारीख आणि किलो, कारण ढोबळ हिशोबाने टाकलेल्या नत्रातलं एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. आकडा वाईट आला तरी खोडू नका, तसाच राहू द्या. माल निघाला की ती वही घेऊन तिलाच माझ्याकडे पाठवा, कॉलेजं कुठली ते तेव्हा बसून ठरवू.