सीटी नॉर्मल आलाय, मग डोकं का दुखतंय?

प्रश्न: भाऊ बाईकवरून पडला. हेल्मेट होतं, पण पडल्यावरची पाचदहा मिनिटं त्याला आठवतच नाहीत. सीटी नॉर्मल, डॉक्टर म्हणाले कन्कशन आहे, घरी न्या. आठवडा झाला, डोकं दुखतंय, मोबाईल बघितला की गरगरतं. काका म्हणतात नाटकं करतोय. रिपोर्ट नॉर्मल असताना असं होतं का हो?

उत्तर: होतं, आणि काकांना सांगा नाटकं नाहीत ही. सीटीत रक्तस्राव दिसतो, कवटीचं फ्रॅक्चर दिसतं, पण कन्कशनमधली, म्हणजे हिसका बसून मेंदूचं काम काही काळ बिघडतं त्यातली, गडबड त्याहून फार बारीक असते. मेंदूच्या पेशीला ॲक्सॉन नावाची लांब शेपटी असते, जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, आणि तिच्या आत मायक्रोट्यूब्यूल म्हणजे प्रोटीनच्या नळ्या, ज्यांच्यावरून पेशीचा माल टोकापर्यंत जातो. हळूहळू ताण दिला तर ॲक्सॉन सहन करतं, पण अपघातात हिसका काही मिलिसेकंदांत बसतो, नळ्या तेवढ्यात कडक होतात आणि मधेच तुटतात, मग माल तिथेच साचून ॲक्सॉनला गाठी येतात. वर कॅल्शियम आत घुसतं, कॅल्पेन नावाचं एन्झाइम जागं होतं आणि पेशीच्या आवरणाला आतून धरून ठेवणारं स्पेक्ट्रिन हे प्रोटीन कापत सुटतं. हे पडल्या क्षणी संपत नाही, तास न् तास चालू राहतं.

शेजारच्या ॲस्ट्रोसाइट, म्हणजे मेंदूला आधार देणाऱ्या, पेशी मग जीएफएपी हे त्यांचं सांगाड्याचं प्रोटीन जास्त बनवायला लागतात, त्यातलं थोडं रक्तातही उतरतं. हे आणि आणखी एक प्रोटीन मोजणाऱ्या एका रक्त तपासणीला 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, परवानगी दिली, मार लागल्यापासून 12 तासांच्या आत करायची, सीटीची गरज आहे का ते ठरवायला. तुमच्या भावाचा सीटी झालाय, आठवडाही उलटलाय, उगाच लॅब शोधत फिरू नका.

जपायचं ते दुसऱ्या माराला. बॉक्सर लोकांचं 'पंच ड्रंक' होणं, म्हणजे मार खाऊन खाऊन दारू प्यायल्यासारखं अडखळणं, मार्टलँड या डॉक्टरने 1928 मध्येच लिहून ठेवलंय, वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या अशा मेंदूंत टाऊ हे नळ्यांना धरून ठेवणारं प्रोटीन सुटून गोळा झालेलं सापडतं. एकदा पडल्याने तसं होतं असं अजिबात नाही, घाबरू नका! पण डोकं पूर्ण ठीक होईपर्यंत बाईक आणि क्रिकेट बंद. नुसतं अंथरुणात पडून राहायचीही गरज नाही, थोडं चालू दे, त्रास वाढला की थांबायचं, मोबाईल कमी. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, हातापायात कमजोरी यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल, आणि महिनाभरात फरक नाही पडला तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.