कॉलऱ्यात आतड्याला जखम होत नसताना शरीरातले इतके पाणी कसे जाते?

खानापूर तालुक्यात पावसाळ्यात विहिरीचे पाणी उकळून प्या असे घरोघरी बजावले जाते, त्यामागच्या या आजाराबद्दल तुम्ही विचारले आहे. कॉलऱ्याचा जंतू पेशीत शिरत नाही. आतड्याच्या अस्तराला चिकटून तो विष सोडतो. या विषाचे पाच भाग पेशीच्या आवरणावरील जीएम-१ या स्निग्ध रेणूला पकडतात आणि सहावा भाग आत पोहोचून जी-प्रथिनाला (पेशीत संदेश पुढे पोहोचवणाऱ्या प्रथिनाला) एडीपी-रायबोज हा तुकडा जोडतो.

हे प्रथिन एरवी काम झाले की स्वतःच बंद होते. तुकडा जोडला गेल्यावर मात्र, शेतातल्या पंपाच्या स्टार्टरचे लाल बटण निकामी व्हावे तसे, ते चालूच राहते. परिणामी पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू साचतो, क्लोराइडची दारे उघडी राहतात, आणि क्लोराइडपाठोपाठ सोडियम व पाणी आतड्यात ओढले जाते. तीव्र आजारात तासाला 1 लिटरपर्यंत, तांदळाच्या धुवणासारखे पाणी जाऊ शकते. पेशी मरत नाही, राबवून घेतली जाते, हे मला यातले सर्वांत विलक्षण वाटते.

कॉलऱ्यामागे असे विष असल्याचे शास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये कोलकात्यात सशांच्या आतड्यावर दाखवले. ग्लुकोजसोबत सोडियम शोषणारी वाट विषाने बिघडत नाही, म्हणून ओआरएस (साखर-मिठाचे द्रावण) लागू पडते. नुसते पाणी पुरत नाही.